न ऐकलेल्या प्रयोगांची समीक्षा

१

मराठीत 'प्रयोग' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत, आणि मराठी समीक्षेने ते एकमेकांपासून तोडून वापरले आहेत. नाटकाचा प्रयोग होतो, तेव्हा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, काही माणसांनी काही माणसांसमोर केलेली कृती अभिप्रेत असते. 'प्रायोगिक' कविता किंवा 'प्रायोगिक' नाटक असे म्हटले जाते, तेव्हा मात्र रूढ संकेत मोडणारी रचना अभिप्रेत असते. यांपैकी पहिला अर्थ समीक्षेने वर्तमानपत्रांतील जाहिरातींकडे सोपवला आणि दुसरा तेवढा स्वतःकडे ठेवला. त्यामुळे प्रायोगिकतेचा विचार म्हणजे संहितेच्या रूपाचा विचार, असे समीकरण विद्यापीठीय अभ्यासात पक्के झाले. कृती कोठे झाली, कोणासमोर झाली, आत कोण येऊ शकले आणि येणाऱ्याला त्याची काय किंमत द्यावी लागली, हे प्रश्न फार तर तळटीपेत टाकण्याजोगे मानले गेले.

या तुटीचे सर्वांत ठळक दर्शन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अंडरग्राउंड आणि प्रायोगिक संगीताविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात घडते. उत्तर-आधुनिकतेवरील चर्चासत्रांत जॉन केज यांची निःशब्द रचना, प्रागमधील बंदीग्रस्त बँड, जपानी गोंगाटसंगीत ही उदाहरणे हजेरी लावून जातात. उदाहरणे येतात, संगीत येत नाही. ते जेथे ऐकले गेले ती जागा तर कधीच येत नाही. हे निव्वळ माहितीचे दारिद्र्य असते, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. तथापि प्रश्न सिद्धांताचा आहे. या संगीताने प्रयोग केला तो प्रामुख्याने स्वरांवर नव्हे, तर ऐकण्याच्या प्रसंगावर केला. त्यामुळे खोली, दार आणि श्रोता यांना वगळून केलेले त्याचे वर्णन अपुरे ठरते एवढेच नव्हे; ते दुसऱ्याच कोणत्यातरी वस्तूचे वर्णन ठरते.

२

हे वगळणे तीन सवयींतून घडते. पहिली सवय विद्रोहाची. 'अंडरग्राउंड' हा शब्द दिसताच तो 'भूमिगत' असा भाषांतरित होतो, आणि १९४२च्या चळवळीपासून आणीबाणीपर्यंतचे सारे संदर्भ त्याला आपोआप चिकटतात. मग प्रत्येक कर्कश ध्वनी हा प्रस्थापिताविरुद्धचा उद्गार होतो. विद्रोह कोणाविरुद्ध, कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या अंगावर वळ उमटवून, हे विचारले जात नाही. कारण उत्तर शब्दाच्या भाषांतरातच मिळालेले असते.

दुसरी सवय 'आपल्याकडे हे होतेच' अशी. श्रोत्याचा सहभाग म्हटला की मैफल आठवते, बैठक आठवते, समेवर हलणारी मान आठवते. केज यांच्याबाबत या सवयीला पुरावाही सापडतो: १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गीता साराभाई यांच्याकडून त्यांनी भारतीय संगीताविषयी जाणून घेतले, आणि पुढे सुझुकी यांची झेनवरील व्याख्याने ऐकली. एवढ्यावरून त्यांच्या मौनाचे उगमस्थान पूर्वेकडे सरकवून समाधान मानले जाते. परंतु बैठकीतील श्रोता जाणकार असतो. राग कोठून कोठे जाणार याची अपेक्षा बाळगून तो दाद देतो. ज्या संगीतात कशाची अपेक्षा करावी हेच ठाऊक नसते, तेथे दाद द्यायची कशाला? ही दोन श्रवणे सारखी नाहीत, आणि त्यांतील फरक हाच खरा अभ्यासविषय आहे. अभिमानापोटी तोच पुसला जातो.

तिसरी सवय सर्वांत प्रतिष्ठित आणि म्हणूनच सर्वांत घातक: संहितेची. स्वरलेखन, ध्वनिमुद्रिका, जाहीरनामा यांपैकी जे हाती येईल त्याला संहिता मानायचे आणि चिन्हमीमांसेची अवजारे तिच्यावर चालवायची. संरचनावादाने आपल्याकडे येताना 'सर्व काही संहिताच' हे सूत्र आणले. त्याचा अर्थ प्रत्येक व्यवहार वाचण्यायोग्य आहे असा होता. प्रत्येक व्यवहार घरबसल्या वाचता येतो असा नव्हता. हा भेद आपल्याकडे वाटेत कोठेतरी गळून पडला.

३

या तिन्ही सवयींची परीक्षा घेणारा एक प्रसंग १९७४ साली चेकोस्लोव्हाकियात घडला. 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा प्रागमधील बँड १९६८ साली, सोव्हिएत फौजा देशात शिरल्यानंतर लवकरच स्थापन झाला. १९७० साली त्याची व्यावसायिक मान्यता काढून घेण्यात आली. त्यानंतर खासगी समारंभ, गावांतील सभागृहे, ऐनवेळी तोंडोतोंडी कळवलेली ठिकाणे एवढ्याच जागा त्याला उरल्या. ३० मार्च १९७४ रोजी चेस्के बुद्येयोवित्से या शहराजवळच्या रुडोल्फोव या गावी त्याचा कार्यक्रम ठरला. शेकडो तरुण, त्यांतील बरेचसे प्रागहून रेल्वेने, ऐकायला गेले. पोलिसांनी त्यांना कार्यक्रमापूर्वीच अडवले, रेल्वे स्थानकाच्या भुयारी मार्गात लाठ्यांनी मारले आणि गाड्यांत कोंबून परत पाठवले. काहींवर खटले झाले. काही विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. ज्या बँडसाठी ते आले होते, त्याचे वादन झालेच नाही.

आता संहितावादी समीक्षेने या प्रसंगाचे काय करावे? येथे संहिता नाही. ध्वनी नाही. मुद्रिका नाही. तरीही चेक अंडरग्राउंडच्या इतिहासातील हा एक निर्णायक 'प्रयोग' आहे, आणि त्याचे कर्ते श्रोते आहेत. ऐकायला जाणे ही कृती ऐकण्याच्या आधीच पूर्ण झाली, आणि तिची किंमत तेथेच वसूल केली गेली. आस्वाद ही कलाकृतीनंतर येणारी गोष्ट आहे, हे आपल्या सौंदर्यविचारातील गृहीतक येथे पार उलटे होते.

विद्रोहवादी सवयीलाही हा प्रसंग सोयीचा नाही. या बँडची गीते प्रचारगीते नव्हती. त्यांतील अनेक एगॉन बाँडी यांच्या कवितांवर आधारलेली होती, आणि त्या कवितांत घोषणांपेक्षा दैनंदिन किळस, विनोद आणि शरीराच्या तक्रारीच अधिक होत्या. इव्हान यिरोस यांनी १९७५ साली लिहिलेल्या अहवालवजा निबंधात अंडरग्राउंडची जी कल्पना मांडली, तीत सत्ता उलथवणे हे उद्दिष्ट नाही. अधिकृत संस्कृतीकडून मान्यता, पारितोषिक किंवा मोबदला यांची अपेक्षाच न ठेवणारी दुसरी संस्कृती जगणे, हे तीत मध्यवर्ती आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये यिरोस यांच्या विवाहानिमित्त बोयानोवित्से येथे झालेल्या कार्यक्रमानंतर अटका झाल्या, आणि सप्टेंबरमधील खटल्यात चौघांना ८ ते १८ महिन्यांच्या शिक्षा झाल्या. आरोप राजद्रोहाचा नव्हता. सार्वजनिक शांतता बिघडवल्याचा होता. वात्स्लाव हावेल खटल्याला उपस्थित राहिले, त्यावर त्यांनी लिहिले, आणि जानेवारी १९७७ मधील 'चार्टर ७७'च्या पार्श्वभूमीत हा खटला आहे हे सर्वमान्य आहे. म्हणजे राजकारण गीतांच्या आशयात नव्हते. ते परवानगीवाचून एकत्र बसण्यात होते. राज्यसंस्थेला हे नेमके कळले होते. समीक्षेला अद्याप कळायचे आहे.

४

केज यांच्या '४ मिनिटे ३३ सेकंद' या रचनेचे आपल्याकडील विवेचन हे दुसऱ्या प्रकारच्या बहिरेपणाचे उदाहरण आहे. तिच्याकडे बहुधा कल्पना म्हणून पाहिले जाते: संगीतकाराने काहीच वाजवले नाही, म्हणून अर्थाची अनुपस्थिती, म्हणून चिन्हाचे रितेपण. एवढे सांगितले की विवेचन संपते आणि रचना ऐकण्याची गरजही संपते. मर्ढेकरांच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी संवेदनांची संघटना होते. त्या चौकटीतून पाहणाऱ्यालाही येथे संघटित करण्याजोगी संवेदनाच दिसत नाही, आणि तो रचनेला कलाव्यवहाराच्या बाहेर ढकलून मोकळा होतो.

२९ ऑगस्ट १९५२ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात डेव्हिड ट्यूडर यांनी ही रचना प्रथम सादर केली. ते सभागृह लाकडी आहे आणि मागच्या बाजूने रानाकडे खुले आहे. ट्यूडर पियानोसमोर बसले. रचनेचे तीन भाग त्यांनी पियानोचे झाकण लावून-उघडून दर्शवले. बाहेरचा वारा, छपरावर पडू लागलेला पाऊस, आणि अखेरीस अस्वस्थ श्रोत्यांचे बोलणे व उठून जाणे, हे त्या दिवशी ऐकू आले, असे केज पुढे सांगत राहिले. म्हणजे ती रचना रिकामी नव्हती. ती त्या इमारतीने, त्या हवामानाने आणि त्या नाराज माणसांनी भरलेली होती. अन्य शहरातील बंद, वातानुकूलित सभागृहात तीच रचना वेगळी ऐकू येते. तेथे यंत्रणेची घरघर असते आणि नाराजीची जागा बहुधा सुसंस्कृत आदराने घेतलेली असते. १९५२चा श्रोता चिडून उठला, कारण त्याला हे ठाऊक नव्हते. आजचा श्रोता शांत बसतो, कारण त्याने त्याविषयी वाचलेले असते. हा फरक संहितेत शोधून सापडणार नाही. स्वरलेखन तेच आहे. प्रयोग बदललेला आहे.

५

तिसरे उदाहरण नजीकच्या काळातील. टोकियोच्या योयोगी भागात २००० साली इतो आत्सुहिरो आणि इतो युकारी यांनी 'ऑफ साइट' ही छोटीशी जागा सुरू केली. ती २००५ पर्यंत चालली. जुन्या घराचे रूपांतर करून केलेल्या त्या जागेत मोजकीच माणसे बसू शकत. तेथे वाजवणाऱ्यांत नाकामुरा तोशिमारू होते: मिक्सरचे बाहेर जाणारे टोक त्याच्याच आत येणाऱ्या टोकाला जोडून, कोणताही बाह्य ध्वनी न देता, यंत्राच्या स्वतःच्या गुणगुणण्यावर ते काम करीत. साचिको एम या सॅम्पलरमध्ये कोणताही ध्वनी न साठवता त्यातील चाचणीचे शुद्ध, सुईसारखे बारीक स्वर वापरीत. सुगिमोतो ताकू गिटारवरील दोन स्वरांमध्ये इतके अंतर ठेवीत की दुसरा स्वर येणार की नाही याची खात्री नसे. हे सारे अत्यंत हळू आवाजात चाले. या संगीताला 'ओन्क्यो' हे नाव मिळाले, आणि त्याच्या मुद्रिका युरोप-अमेरिकेत पोहोचल्या. तेथे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी या मौनप्रायतेचा उलगडा जपानी सौंदर्यदृष्टीतून, रिक्ततेच्या तत्त्वज्ञानातून, झेनमधून केला.

परंतु त्या हळूपणाचे एक अगदी साधे कारण होते. भिंती पातळ होत्या आणि शेजारी जवळ होते. मोठ्याने वाजवले असते तर तक्रार झाली असती. डेव्हिड नोव्हाक यांनी २०१० साली या जागेवर लिहिलेल्या निबंधात ही परिस्थिती आणि तिच्यावर चढवलेली सांस्कृतिक भाषांतरे यांतील अंतर दाखवले आहे. जे वादक अन्यत्र प्रचंड आवाजात वाजवू शकत, त्यांनाही येथे आवाज उतरवावा लागला. श्रोत्यालाही स्वतःचे शरीर सांभाळावे लागे: खुर्चीची कुरकुर, श्वास, रस्त्यावरून जाणारे वाहन, सारे संगीताच्याच पातळीवर येऊन बसे.

येथे घाईने उलट्या टोकाला जाण्याचा धोका आहे. 'म्हणजे शेवटी शेजाऱ्यांच्या तक्रारीचेच हे संगीत' असे म्हणून भौतिक कारणात सौंदर्यानुभव विरघळवणे हीदेखील चूकच. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी भूमिकांचा जो ताण उलगडून दाखवला, तो या खोलीत शब्दशः ऐकू येतो. पातळ भिंत ही लौकिक वस्तुस्थिती. तिने लादलेल्या मर्यादेतून उमललेले, दोन स्वरांमधील पोकळी हाच विषय बनवणारे श्रवण हा केवळ त्या भिंतीचा परिणाम नव्हे. कारण अशा भिंती टोकियोत असंख्य आहेत आणि ओन्क्यो सर्वत्र घडले नाही. पण भिंत वगळली, तर त्या श्रवणाचे वर्णन लगेच अध्यात्माच्या धुक्यात शिरते. दोन ध्रुवांमधील ताण कायम ठेवायचा असेल, तर खोलीला सिद्धांतात जागा द्यावी लागते. केवळ मुद्रिका ऐकून लिहिणाऱ्याला ती देता येत नाही, कारण मुद्रिकेत शेजारी नसतो.

६

यावर अपेक्षित आक्षेप असा की हे सारे 'प्रत्यक्षते'चे स्तोम आहे. पेगी फेलन यांनी १९९३ साली असे प्रतिपादन केले की प्रयोगाचे आयुष्य वर्तमानातच असते. नोंद झाली की तो प्रयोग उरत नाही, वेगळेच काही होतो. त्याला फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ साली उत्तर दिले: ध्वनिमुद्रण येईपर्यंत 'प्रत्यक्ष' हा प्रवर्गच अस्तित्वात नव्हता, प्रत्यक्षता ही मुद्रणाचीच उपज आहे. हा वाद येथे एकाच्या बाजूने निकालात काढण्याचे कारण नाही. दोघांनाही अडचणीत टाकणारी वस्तुस्थिती प्रागमध्येच आहे. तेथील संगीत बहुसंख्यांपर्यंत घरगुती फितींवरून पोहोचले. फितीवरून फीत उतरवली जात असे. ती फीत बाळगणे आणि चार मित्रांसह दार लावून ऐकणे हादेखील जोखमीचा, विशिष्ट जागी घडणारा प्रसंगच होता. त्याच बँडचे ध्वनिमुद्रण १९७८ साली पश्चिमेत प्रकाशित झाले आणि विकत घेता येऊ लागले, तेव्हा ध्वनी तोच राहिला, प्रसंग बदलला. म्हणजे भेद प्रत्यक्ष आणि मुद्रित असा नाही. ऐकण्याचा प्रसंग सांगणारे वर्णन आणि तो लपवणारे वर्णन, असा तो भेद आहे.

मुद्रिका काय लपवते याचा नमुना न्यूयॉर्कमध्ये मिळतो. मे १९७८ मध्ये 'आर्टिस्ट्स स्पेस' या कलादालनात स्थानिक बँडचा महोत्सव झाला. ब्रायन ईनो त्याला उपस्थित होते, आणि त्यातून त्याच वर्षी 'नो न्यूयॉर्क' ही मुद्रिका निघाली. तीत चार बँड आले: कंटॉर्शन्स, टीनएज जीझस अँड द जर्क्स, मार्स आणि डीएनए. महोत्सवात वाजवलेला, ग्लेन ब्रँका यांचा 'थिअरेटिकल गर्ल्स' तीत नव्हता. पुढे 'नो वेव्ह' म्हणजे प्रामुख्याने ते चार बँड, अशी समजूत रूढ झाली. कंटॉर्शन्सचे जेम्स चान्स श्रोत्यांच्या अंगावर धावून जात. ते धावणे मुद्रिकेत नाही, आणि त्यामुळे श्रोत्याचे मागे सरकणेही नाही. संकलनाने असे प्रमाणग्रंथ घडवणे मराठी वाचकाला अपरिचित नाही. साठोत्तरी लघुनियतकालिकांचे कितीतरी वाचन आज निवडक संग्रहांतूनच होते. अंक कोणी कोणाच्या हाती दिला, किती प्रती निघाल्या, कोठे वाचला गेला, हे संग्रहात येत नाही.

७

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जालना किंवा गडचिरोली येथील महाविद्यालयात शिकवणाऱ्या अभ्यासकाने टोकियोच्या खोलीत जाऊन बसावे काय? उपस्थितीला ज्ञानाची अट केली, तर ज्ञान प्रवासखर्च परवडणाऱ्यांची मालमत्ता होईल. आक्षेप रास्त आहे. किंबहुना तोच या विवेचनाचा गाभा आहे. खोलीला दार असते. दारातून कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हा सौंदर्यशास्त्राचाही प्रश्न आहे. आपल्या बैठकीची थोरवी गाताना तिच्या उंबरठ्यावर कोण थांबवला जात होता, हे सांगायला आपण विसरतो. याउलट आंबेडकरी जलसा वस्तीत आणि चौकात उभा राहिला. त्याला दारच नव्हते, आणि तो कसा ऐकला गेला हे त्यावाचून समजत नाही. अंडरग्राउंड खोल्याही निष्पाप नाहीत. ज्यांना पत्ता ठाऊक असतो त्यांचेच ते जग असते, आणि 'मी तेथे होतो' हे वाक्य लवकरच प्रतिष्ठेचे चलन बनते. १९८५ साली टोकियोतील एका कार्यक्रमात 'हानातराश'च्या यामात्सुका आय यांनी खोदाईचे यंत्र सभागृहात चालवून भिंत फोडली. आत येण्यापूर्वी श्रोत्यांकडून इजेची जबाबदारी स्वतः घेतल्याचे लेखी घेण्यात आले होते. आज सर्वत्र सांगितली जाते ती यंत्राची कथा. त्या सहीचा, म्हणजे श्रोता कोणत्या अटींवर श्रोता झाला याचा, विचार मात्र अभावानेच होतो.

तेव्हा मागणी उपस्थितीची नाही. मागणी अशी की प्रयोगाविषयी लिहिणाऱ्याने प्रसंगाचा पुरावा गोळा करावा आणि तो विवेचनाच्या मध्यभागी ठेवावा: जागा, क्षमता, तिकीट, वेळ, शेजार, परवाना, पोलीस, कोण उठून गेले, काय फसले. जो तेथे होता त्याची साक्ष तपासावी, तिच्यापुढे नतमस्तक होऊ नये. जो मुद्रिकेवरून ऐकतो त्याने आपण मुद्रिकेवरून, अमुक ठिकाणी, अमुक वर्षांनी ऐकत आहोत हे सांगावे. गडचिरोलीचा अभ्यासक हे टोकियोत राहणाऱ्याइतक्याच काटेकोरपणे करू शकतो. त्याच्या जवळच्या दंडारीविषयी लिहिताना तर ते त्याने करायलाच हवे.

याची गरज संगीतापुरती नाही. दादरच्या एका शाळेच्या सभागृहावरून मराठीत एका नाट्यचळवळीला 'छबिलदास' हे नाव पडले. नाव देणाऱ्यांना चळवळ त्या जागेतूनच ओळखू आली होती. समीक्षेने ते नाव स्वीकारले आणि लिहिले मात्र बहुतांशी छापील नाटकांविषयी. त्या सभागृहात कोण बसत असे, कोण येऊ शकत नसे, त्या लहानशा जागेने अभिनयाचे, आवाजाचे आणि प्रेक्षकाच्या संकोचाचे काय केले, याच्या आठवणी विखुरलेल्या आहेत आणि त्या सांगणारी पिढी थकली आहे. त्या आठवणी पुरावा म्हणून गोळा केल्या गेल्या नाहीत, तर पुढील अभ्यासकाच्या हाती संहिता तेवढ्या उरतील, आणि प्रयोगांचा इतिहास म्हणून तो त्या संहितांचाच इतिहास लिहील.